गाडीत धुराचा वास? आधी डिकीचं रबर बघा
जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीत कात्रजचा घाट चढताना धुराचा वास आला, की लोक थेट सायलेन्सर बदलायला धावतात. पण चालत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि धूर डिकीच्या फटीतून आत ओढला जातो. रबरावर कागदाची पट्टी ठेवून डिकी लावा. पट्टी सहज निसटली, तर फट तिथेच. मग थंड इंजिन उघड्यावर सुरू करा आणि सोबत्याला सायलेन्सरच्या तोंडावर जाड ओलं फडकं दोन-तीन सेकंद धरायला सांगा. फुसफुस येईल तिथे गळती. मॅनिफोल्डच्या (इंजिनातला धूर गोळा करणाऱ्या नळीच्या) गॅस्केटपाशी, म्हणजे जोडातल्या पातळ पट्टीपाशी, बऱ्याचदा काजळीचा काळा ओघळही दिसतो. पेडलांमागच्या पत्र्यातली वायरिंगची भोकं रबरी ग्रोमेट (भोकात बसणारी कडी) घालून बुजवा. धुरातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. डोकं जड झालं, तर गाडी तिथेच थांबवून बाहेर पडा.