जुनी टू-स्ट्रोक घेताय? मग ही यादी, सीलसकट

आधी पैशांचं. जेवढे बाजूला काढलेत त्याच्या निम्म्यात गाडी आली पाहिजे. उरलेले निम्मे इंजिन, टायर, वायरिंग, कागद आणि शेवटी रंग यांत कधी गेले ते कळतही नाही. ज्यांच्या खिशात फक्त गाडीपुरतेच पैसे असतात, त्यांच्या गाड्या पार्किंगच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली पडून राहतात. हिशोब लिहाल तेव्हा पहिल्या ओळीत ‘क्रँकचे ऑइल सील, दोन्ही बाजूंचे’ असं लिहा. बोअर-पिस्टनच्याही वर. (क्रँक म्हणजे पिस्टनची वर-खाली चाल गोल फिरवणारा दांडा, ऑइल सील म्हणजे तो इंजिनातून बाहेर पडतो तिथली रबरी रिंग, आणि बोअर म्हणजे सिलिंडर आतून कापून नव्या पिस्टनच्या मापाचा करणं.) कारण पुढे येईलच, पण लिहा आधी.

कोणती गाडी? सगळ्यांना यामाहाची आरएक्स १०० हवी असते. १९८५ ते १९९६ एवढीच वर्षं निघाली, अठ्ठ्याण्णव सीसीत अकरा हॉर्सपॉवर आणि वजन शंभर किलोच्या आसपास, त्यामुळे ती का पळते हे सांगायला नको. पण तिचे भाव आता डोक्यात गेलेत. बजेट खरंच कमी असेल तर सुझुकी सामुराई, मॅक्स १००, नाहीतर राजदूत १७५ बघा. राजदूत पळत नाही, तीनच गिअर आहेत, पण आयुष्यभर दुधाचे कॅन वाहिलेलं ते इंजिन गावातला कुठलाही म्हातारा मिस्त्री डोळे मिटून उघडतो. येझदी आणि जावा सुंदर आहेत, पण म्हैसूरचा कारखाना १९९६ला बंद पडला आणि त्यांचेही भाव आता शौकीन लोकांच्या हातात आहेत. यामाहाच्याच आरडी ३५० चं नाव बजेटवाल्याने काढूच नये. दोन सिलिंडर म्हणजे सगळं दुप्पट.

गाडी बघायला जाताना टॉर्च, चिंधी, प्लग पाना, पेन्सिल आणि पातळ कागद. पेन्सिल-कागद चेसिस नंबरचा छाप घ्यायला. आरटीओतही तोच छाप मागतात, मग आपण आधीच घेतलेला काय वाईट? आरसीवरचा चेसिस नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरांशी अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे. आरएक्स १०० चा नंबर १एल१ ने सुरू होतो. आरएक्स १३५ ला १०० चे स्टिकर लावून विकणारे कमी नाहीत. इंजिनच्या केसवर नंबर पुन्हा ठोकलेला दिसला, आजूबाजूचं ॲल्युमिनियम घासलेलं दिसलं, की नमस्कार करून निघायचं. ‘इंजिन बदललंय, पण आरसीवर चढवून देतो’ म्हणणाऱ्यालाही नमस्कार.

कागदांबद्दल लोक आळस करतात, म्हणून थोडं सविस्तर. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, नंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. वीस वर्षांवरच्या मोटरसायकलला ऑगस्ट २०२५ पासून त्याची फी दोन हजार आहे, वर ग्रीन टॅक्स आणि उशीर झाला असेल तर त्याचा दंड वेगळा. हे सगळं विक्रेत्याने भरलेलं आहे का, की तुमच्या गळ्यात येणार, ते भाव ठरवण्याआधी विचारा. १९८९ च्या आधीच्या तीन अक्षरी पासिंगच्या गाडीचा नंबर ऑनलाइन सापडतच नाही असं बऱ्याचदा होतं, कारण जुन्या रजिस्टरातली नोंद संगणकावर चढलेलीच नसते. ती बॅकलॉग म्हणून चढवून घ्यावी लागते, आणि ते काम मूळ आरटीओत जाऊन मूळ मालकाच्या सहीने जेवढं सोपं होतं तेवढं पुढे कधीच होत नाही. म्हणून ‘आधी गाडी घेऊन जा, कागद बघू नंतर’ याला भुलू नका. मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, दुसऱ्या आरटीओची असेल तर एनओसी, जुन्या कर्जाचा बोजा आरसीवर असेल तर तो उतरवल्याचा फॉर्म ३५. ती बँक आज त्या नावाने अस्तित्वात असेलच असं नाही, तेव्हा हेही विक्रेत्याच्याच डोक्यावर. मालक वारले असतील तर वारसांचे कागद. आरसी हरवलेली असेल तर डुप्लिकेट त्यानेच काढून द्यायची. पन्नास वर्षांवरची जावा वगैरे सापडली तर व्हिंटेज नोंदणीचा २०२१ चा वेगळा नियम आहे, पण त्याची नव्या नोंदणीची फी वीस हजार आहे आणि मग ती गाडी रोजच्या वापराला चालत नाही. बजेटवाल्याने त्यात पडू नये.

आता चालू करून बघणं. इंजिन थंड हवं. तुम्ही पोचायच्या आत त्याने गाडी गरम करून ठेवली असेल तर चहा घ्या आणि बसून राहा. किक हाताने दाबून बघा, दाब लागला पाहिजे. सुरू झाल्यावर निळसर धूर आला तर घाबरू नका, टू-स्ट्रोक आहे, तेलच जाळते. पण गरम झाल्यावरही पांढरा धूर दाट येत राहिला आणि त्याला जळक्या गिअर ऑइलचा वास असला, तर क्लचकडचं सील गेलंय आणि इंजिन गिअरबॉक्समधलं तेल ओढून पितंय. गिअर ऑइलची पातळी बघा, कमी असणारच. याच्या उलट खूण मॅग्नेटच्या, म्हणजे वीज तयार करणाऱ्या चाकाच्या, बाजूची: रेस देऊन सोडली तरी आवाज लगेच खाली बसत नाही, हवेत लटकल्यासारखा वर राहतो, आयडलिंग आपोआप वाढतं. तिथून हवा आत शिरते. विक्रेता म्हणेल कार्बोरेटर ट्यून करून घ्या. कार्बोरेटर नाही, सील.

टाकीत टॉर्च मारा. गंज थोडा असेल तर निघतो, तळाला भोकं असतील तर भाव पाडा. फ्रेमला वेल्डिंग कुठे आहे ते बघा, विशेषतः स्टीअरिंगच्या मानेजवळ. चाक हलवून बघा. बाकी दिवे, हॉर्न, सीट हे सगळं मिळतं, त्यावर भांडत बसू नका. सायलेन्सर मात्र बघा. टू-स्ट्रोकचा सायलेन्सर नुसता आवाज कमी करायला नसतो, त्याच्या आतल्या आकारावर गाडीची ओढ ठरते. आवाजासाठी कापलेला असेल तर गाडी वरच्या रेसला रिकामी वाटेल, आणि चौकात पावती फाटेल ती वेगळी.

गाडी घरी आली. रंगाला हात लावू नका. परत सांगतो, रंगाला हात लावू नका. आधी इंजिन खाली.

इथे माझं काय झालं ते सांगून टाकतो, कारण ही यादी त्यामुळेच लिहितोय. मागच्या आरएक्सला मी नवा पिस्टन, नव्या रिंगा, बोअर, क्लच प्लेटा, कार्बोरेटर किट, सगळं घातलं. क्रँकचे सील ‘चांगले दिसतायत’ म्हणून तसेच ठेवले. वीस-पंचवीस वर्षं उभ्या गाडीतलं रबर चांगलं दिसतंच, बोटाने दाबलं की काचेसारखं कडक लागतं. ताज्या बोअरची गाडी घाटात रेस धरून वर चढत होती आणि पिस्टनने पकडलं, म्हणजे तापून सिलिंडरमध्येच अडकला. मागचं चाक लॉक. नवा पिस्टन, नवं बोअर, दोन्ही पुन्हा. दोन सीलांचे पैसे किती, तर काही शे रुपये.

का होतं ते एकदा समजून घ्या, म्हणजे आळस येणार नाही. फोर-स्ट्रोकमध्ये क्रँकचा डबा फक्त तेलाचा. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी त्या डब्यात येतं, पिस्टन खाली येताना तिथे दाबलं जातं आणि मग वर जातं. म्हणजे तो डबा पंपाचाच भाग आहे, हवाबंद हवा. क्रँक जिथे दोन्ही बाजूंनी बाहेर पडतो तिथे हे सील. मॅग्नेटकडचं गेलं की पिस्टन वर जाताना कार्बोरेटरला न विचारता फुकटची हवा आत येते. मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी, पातळ मिश्रणाने इंजिन तापतं, आणि पेट्रोलसोबत येणारं तेलही कमी पडतं. कार्बोरेटरचा जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं बारीक भोक, कितीही मोठा केलात तरी ती गळती रेसप्रमाणे बदलत राहते, त्यामुळे कधीच जुळत नाही. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. त्यात ऑक्सिजन असल्याने मिश्रण आधीच थोडं पातळ, आणि इथेनॉल जुन्या रबराला सोसत नाही. व्हायटनचे, म्हणजे इंधन आणि उष्णता सोसणाऱ्या रबराचे, सील मिळाले तर तेच घ्या. नाही मिळाले तर चांगल्या कंपनीचे साधे, पण नवे. दुकानात वर्षानुवर्षं डब्यात पडलेला ‘ओरिजिनल जपानी’ सील म्हणजेसुद्धा जुनं रबरच.

घालताना: मॅग्नेट पुलरनेच काढायचं, हातोडीने नाही, हातोडीने क्रँक वाकडा होतो. मॅग्नेटची चावी, म्हणजे त्याला क्रँकवर जागेवर धरणारा छोटा लोखंडी तुकडा, सांभाळा. आरएक्सला मॅग्नेट डावीकडे आणि क्लच उजवीकडे. डावं सील बाहेरून निघतं, उजव्यासाठी क्लच उतरवावा लागतो. केसेस उघडणारच असाल, आणि इतक्या जुन्या गाडीच्या उघडाव्यातच, तर दोन्ही सीलांसोबत क्रँकचे बेअरिंगही बदला. जुनं सील कोणत्या तोंडाने आणि किती खोल बसलंय त्याचा फोटो आधी काढा. बेअरिंगला तेल नेणारं भोक सीलने झाकलं जाऊ नये. क्रँकवर सील घासून चर पडली असेल तर नवं सीलही गळेल. बारीक पॉलिश पेपर मारा, चर खोल असेल तर लेथवाल्याला दाखवा. ओठाला थोडं ग्रीस, आणि त्याच मापाच्या सॉकेटने सरळ दाबून बसवा. स्क्रू-ड्रायव्हरने ठोकलेलं सील म्हणजे न बदललेलं सील.

क्रँक हातात आहेच तर कनेक्टिंग रॉड वर-खाली हलवून बघा. आडवा थोडा हलला तर चालतो, उभा अजिबात नाही. उभा हलला की रॉड किट, आणि क्रँक प्रेस करून डायल लावून सरळ करणाऱ्याकडेच द्यायचा. कोल्हापुरात उद्यमनगरात अशी कामं करणारे मिळतात, पुण्या-मुंबईत विचारत फिरावं लागतं.

बोअरसाठी आधी पिस्टन विकत घ्या, मग तो पिस्टन सिलिंडरसोबत लेथवर द्या. बोअर पिस्टनच्या मापाने होतं, पिस्टन बोअरच्या मापाने शोधायचा नसतो. ओव्हरसाइज पाव मिलिमीटरच्या टप्प्यांनी मिळतात. आधीच एक मिलिमीटरपर्यंत गेलेलं असेल तर स्लीव्ह, म्हणजे सिलिंडरच्या आत नवं नळकांडं. बोअर झाल्यावर पोर्टांच्या, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतल्या भोकांच्या, कडा मोडायला सांगा, नाहीतर रिंगा अडकतात. पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे. रिंगांची तोंडं पिस्टनच्या खाचेतल्या पिनांवर. पॅकिंग सगळी नवी.

आणि सुरू करायच्या आधी हवेची चाचणी. माझ्या ओळखीत हे कोणी करत नाही, पण सील नवं घातलं म्हणून ते नीट बसलंच असं नाही. इनटेक आणि एक्झॉस्टची तोंडं सायकलच्या ट्यूबचा तुकडा आणि पत्र्याची पट्टी बोल्टने आवळून बंद करा, प्लगही लावा. एका बंद तोंडातून नळी आत. दाब द्यायला घरातलं जुनं बीपी मोजायचं यंत्र उत्तम, फुगा आणि काटा दोन्ही आयते. तीनशेच्या जवळ नेलं की साधारण सहा पीएसआय होतात, तेवढे पुरे, जास्त दिलात तर सीलच बाहेर येईल. काटा काही मिनिटं स्थिर राहिला पाहिजे. उतरत असेल तर साबणाचं पाणी लावा: मॅग्नेटमागे, सिलिंडरच्या पायाशी, रीड व्हॉल्व्हच्या (कार्बोरेटरमागच्या एकतर्फी झडपेच्या) जोडाशी. क्लचकडची गळती बाहेर दिसत नाही, म्हणून गिअर ऑइलच्या तोंडावर साबणाचा पडदा धरा, बुडबुडा आला की ते सील. पुन्हा उघडा. हो, पुन्हा.

ऑटोल्यूब पंप, म्हणजे इंजिनाला आपोआप तेल देणारा, बऱ्याच गाड्यांमधून आधीच्या मालकाने काढून टाकलेला असतो. असेल तर नळीतली हवा काढा आणि पहिल्या टाकीला पेट्रोलमध्येही थोडं टू-टी (टू-स्ट्रोकचं तेल) मिसळाच. नसेल तर रबिंगच्या, म्हणजे नवं इंजिन सरावायच्या, काळात लिटरला तीस-चाळीस मिली, नंतर कमी.

वायरिंग नवं हार्नेस घ्या, जोडत बसू नका. कार्बोरेटर खोलून जेट तारेने न टोचता फुंकून साफ. टाकीचा गंज काढा आणि पेट्रोल फिल्टर लावा. टायर, ट्यूब, ब्रेक शू, केबली: नव्या. स्पेअरसाठी पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी. इंडिकेटर, मडगार्ड, बॅज तिथे शोधा, सील आणि बेअरिंग तिथे घेऊ नका.

रंग आता. मूळ रंगाचाच करा, वेगळा केलात तर आरसीवर बदलावा लागतो. निकेल करायचं असेल तर पार्ट मोजून द्या, मोजून घ्या.

रबिंग: सुरुवातीचे काही शे किलोमीटर अर्ध्या रेसच्या वर नाही, मागे माणूस नाही, घाट नाही. प्लग काढून बघत राहा. चहाच्या रंगाचा हवा. पांढराफटक दिसला तर जेट मोठा करायच्या आधी बीपीचं यंत्र पुन्हा काढा. कशासाठी ते सांगायला नको.

नंबरप्लेट एचएसआरपी, विमा थर्ड पार्टी, पीयूसी. टूलबॉक्समध्ये जास्तीचा प्लग, प्लग पाना आणि क्लचची एक वायर.