ड्रॉइंग न हलवता व्ह्यू कसा फिरवायचा

समजा, ऑटोकॅडसारख्या संगणकावरच्या ड्रॉइंग प्रोग्रॅममध्ये तुम्ही एक प्लॅन काढताय. प्लॉटची हद्द उत्तरेशी ३० अंश कललेली आहे, म्हणून मॉडेलमध्ये, म्हणजे प्रत्यक्ष मापांत काढलेल्या चित्रात, इमारतही तिरकी दिसते. छापायच्या शीटवर मात्र ती सरळ आडवी हवी. अशा वेळी सगळं सिलेक्ट करून रोटेट मारायचा मोह होतो, तो टाळा. तसं केलं की सर्व्हेचे कोऑर्डिनेट्स बिघडतात आणि इतरांच्या फाइल्स एक्सरेफ (बाहेरून जोडलेला संदर्भ) म्हणून जोडल्यावर जागेवर बसत नाहीत. फिरवायचा तो फक्त व्ह्यू.

ऑटोकॅडमध्ये हे काम लेआउटवरच, म्हणजे शीट मांडतो त्या पानावरच करा. व्ह्यूपोर्ट (शीटवरची मॉडेल दाखवणारी चौकट) लॉक असेल तर आधी अनलॉक करा आणि आत डबल क्लिक करा. मग यूसीएस (आपल्याला हवी तशी फिरवता येणारी अक्षांची मांडणी) कमांड देऊन ऑब्जेक्ट हा पर्याय निवडा आणि जी रेषा शीटवर आडवी यायला हवी तिच्यावर क्लिक करा. क्लिक रेषेच्या ज्या टोकाजवळ होतो ते टोक ओरिजिन (अक्षांचा शून्यबिंदू) बनतं आणि एक्स अक्ष तिथून दुसऱ्या टोकाकडे जातो. म्हणजे उजव्या टोकाजवळ क्लिक केलंत तर प्लॅन उलटा दिसणार! डाव्या टोकाजवळच क्लिक करा. कोन माहीत असेल तर ऑब्जेक्टऐवजी झेड निवडून थेट ३० टाइप केलं तरी चालतं.

आता प्लॅन कमांड द्या आणि करंट या पर्यायावर एंटर दाबा. व्ह्यू फिरेल, पण त्याबरोबर झूमही बदलेल. म्हणून १:१०० किंवा जो काही स्केल हवा तो यानंतरच लावा आणि व्ह्यूपोर्ट लगेच लॉक करा. शेवटी यूसीएस पुन्हा वर्ल्डवर, म्हणजे मूळ अक्षांवर न्या. यूसीएसफॉलो हे सेटिंग (यूसीएस बदलला की व्ह्यूही बदलायचा का) ० असेल तर व्ह्यू फिरलेलाच राहतो.

यूसीएसला हातही लावायचा नसेल तर डीव्ह्यू कमांडमधला ट्विस्ट, म्हणजे व्ह्यू पिळण्याचा पर्याय आहे. त्यात चिन्ह उलटं धरायचं: वरच्या उदाहरणात तिथे उणे ३० द्यावे लागतील.

व्ह्यूपोर्टची चौकटच फिरवली तर? व्हीपीरोटेटअसोक हे सेटिंग १ असताना आतलं चित्रही सोबत फिरतं, ० असताना फिरत नाही. मॉडेल स्पेसमध्ये काम करताना मधेच लेआउट बघणाऱ्याला हे सेटिंग चक्रावून टाकतं.

आता राहिला मजकूर. मॉडेलमध्ये लिहिलेली नावं व्ह्यूबरोबर तिरकी होतात. शीटच्या स्केलनुसार आकार घेणाऱ्या अ‍ॅनोटेटिव्ह टेक्स्ट स्टाइलमध्ये मजकूर लेआउटच्या दिशेशी जुळवण्याचा पर्याय असतो, तो चालू करा. उत्तर दिशेचा बाण मॉडेलमध्ये असेल तर तो आपोआप बरोबर फिरतो. पेपर स्पेसमध्ये, म्हणजे थेट लेआउटवर ठेवला असेल तर हातानंच फिरवावा लागतो, आणि नेमका तोच राहून जातो.

सॉलिडवर्क्स या दुसऱ्या कॅड प्रोग्रॅममध्ये हे बरंच सोपं आहे. व्ह्यूमधली कड निवडा आणि टूल्स मेनूतल्या अलाइन ड्रॉइंग व्ह्यूमधून हॉरिझाँटल एज घ्या. कोन देऊन फिरवायचं असेल तर रोटेट व्ह्यूच्या खिडकीत, अवलंबून असलेले व्ह्यू सोबत बदलावेत की नाही, हेही एका चौकोनात खूण करून ठरवता येतं. प्रोजेक्शन व्ह्यू (त्याच व्ह्यूवरून काढलेले बाजूचे व्ह्यू) आधीच मांडलेले असतील तर ती खूण बघूनच पुढे जा.