ईईजीचा हेडबँड घरी बनवताय? आधी बक्कल कुठे लावताय ते बघा

ऐरोलीत आमच्या घरी गेले काही महिने डायनिंग टेबलावर वायरी, इलॅस्टिक आणि शिलाई मशीन असा संसार मांडलाय. मेंदूच्या लहरी मोजायचा हेडबँड बनवायचाय, आणि तो घरातल्या सगळ्यांच्या डोक्याला बसायला हवा. सर्किट बोर्ड तयार मिळतात, सॉफ्टवेअर फुकट मिळतं, पण पट्टा नीट बसला नाही तर त्या सगळ्याचा काही उपयोग नाही, म्हणून आज फक्त पट्ट्याबद्दलच लिहितोय.

पहिला पट्टा मी बॅगेच्या नवारीचा केला, भाऊजींच्या डोक्याच्या मापाने, घेर ५९ सेंमी. बक्कल एकच, उजव्या कानामागे. त्यांना मस्त बसला. मग तोच भाचीला घातला, तिचा घेर ५२. बक्कल आवळलं, पट्टा घट्ट बसला, पण मागे जाऊन बघितलं तर डावीकडचा इलेक्ट्रोड (सिग्नल पकडायला डोक्याला टेकतो तो धातूचा तुकडा) चक्क मधल्या रेषेच्या उजवीकडे गेलेला. कारण साधं आहे, ७ सेंमी सगळे एकाच बाजूने खेचले गेले, डावी बाजू ५९ च्याच मापाची राहिली, त्यामुळे मागचा मध्यबिंदू साडेतीन सेंमी सरकला.

इलेक्ट्रोडच्या जागा सेंटिमीटरमध्ये ठरत नाहीत, टक्क्यांत ठरतात. हर्बर्ट जॅस्पर यांनी १९५८ साली मांडलेली १०-२० पद्धत आजही जगभर वापरतात. नाकाच्या मुळाशी भुवयांच्या मध्ये जो खळगा आहे तो नेझियन आणि मागे मानेच्या वर कवटीला बोटाने चाचपलं की उंचवटा लागतो तो इनियन. शिंप्याची टेप घ्या आणि डोक्यावरून हे अंतर मोजा, समजा ३६ सेंमी आलं, तर त्याचे १० टक्के म्हणजे ३.६ सेंमी नेझियनच्या वर पट्ट्याची पुढची रेघ आणि तेवढंच इनियनच्या वर मागची. घेर मोजायचा तो पण याच रेषेवर. कपाळावरचे डावा-उजवा इलेक्ट्रोड, म्हणजे एफपी१ आणि एफपी२, एकमेकांपासून घेराच्या १० टक्के लांब, मागचे ओ१ आणि ओ२ पण तसेच.

आता हिशोब करा. ५२ च्या डोक्याला हे अंतर ५.२ आणि ५९ च्या डोक्याला ५.९. म्हणजे पुढचा तुकडा ५.६ वर फिक्स शिवून टाकला तर या दोन मापांमधल्या कुठल्याही डोक्यावर प्रत्येक इलेक्ट्रोड फार तर २ मिमी चुकतो, तेवढं आपल्या कामाला चालतं. म्हणून पुढचा तुकडा फिक्स, मागचा तुकडा फिक्स, आणि कमीजास्त करायचं ते दोन्ही कानांच्या वर, दोन बकलांनी, दोन्हीकडे सारखं. नवारीवर दोन्ही बाजूंना पेनाने अर्ध्या अर्ध्या सेंटिमीटरच्या खुणा करा आणि नंबर टाका, भाची ३, भाऊजी १०, असं लिहून ठेवलं की दर वेळी चाचपडावं लागत नाही. बक्कल, नवार, वेल्क्रो सगळं ठाण्यात जांभळी नाक्याला मिळून जातं.

आख्खा पट्टा इलॅस्टिकचा करू नका. ताणल्यावर इलेक्ट्रोड शिवलेली जागा ताणत नाही, बाकीची ताणते, म्हणजे टक्केवारीचं गणित परत बिघडलं. बकलाशेजारी फक्त ३-४ सेंमी इलॅस्टिक पुरे, तेवढ्याने दाब कायम राहतो. दहा मिनिटांनी पट्टा काढा आणि कपाळ बघा. हलका ठसा चालेल, लालभडक वळ उठला असेल तर सैल करा आणि इलेक्ट्रोडमागे मऊ फोम घाला. डोक्यावरून आडवा पट्टा हवा असेल तर त्याचं ॲडजस्टमेंट पण दोन्ही कानांपाशीच ठेवा, म्हणजे सीझेड, डोक्याच्या बरोबर मध्यावरचा इलेक्ट्रोड, मध्येच राहतो. हनुवटीखाली घट्ट पट्टा नकोच, जबडा जरा हलला की स्नायूंचा सिग्नल मेंदूच्या सिग्नलवर चढतो.

कपाळावर केस नाहीत, तिथे सपाट इलेक्ट्रोड चालतो. मागे मात्र कंगव्यासारखे पाय असलेला लागतो, आणि केस बाजूला सारून तो टाळूच्या चामडीला टेकलाय ना ते बोटाने बघायचं. आपल्याकडे खरी अडचण तेलाची. आजीला घातला तेव्हा सिग्नल नुसता गोंगाट, कारण सकाळीच खोबरेल तेल लावून अंबाडा घातलेला. दुसऱ्या दिवशी केस धुऊन, अंबाडा सोडून, कानातली कुडी काढून रेफरन्सची क्लिप (बाकीचे सिग्नल जिच्या तुलनेत मोजतात ती) कानाच्या पाळीला लावली तर लगेच फरक पडला. सगळे इलेक्ट्रोड एकाच धातूचे घ्या, चांदीवर सिल्व्हर क्लोराइडचा थर असलेले असतील तर उत्तमच, पण मिसळ करू नका. वायरी एकत्र पिळून मागे न्या आणि पट्ट्याला टाके घालून बांधा, लोंबणारी वायर हलली की स्क्रीनवरची सिग्नलची रेघ उड्या मारते. मे महिन्यात घाम आला की रेघ हळूहळू वरखाली तरंगते, तेव्हा आधी पाच मिनिटं गार बसून घ्या.

सिग्नल अगदी बारीक, मायक्रोव्होल्टमध्ये, साधारण १० ते १००. घरातल्या विजेचा ५० हर्ट्झ त्यात सहज घुसतो. बोर्ड आणि लॅपटॉप दोन्ही बॅटरीवर चालवा. पट्टा डोक्यावर असताना चार्जर लावायचाच नाही, हा सुरक्षेचा प्रश्न आहे, इथे कुणाचंही ऐकू नका. आणि फिट येते का वगैरे ठरवायला हा पट्टा नाही, त्यासाठी डॉक्टरकडेच जायचं.

पट्टा बरोबर बसलाय का ते असं बघा. पापण्या मिचकावल्या की पुढच्या दोन चॅनलवर (एका इलेक्ट्रोडची एक रेघ म्हणजे एक चॅनल) मोठ्या लाटा आल्या पाहिजेत. दात आवळले की सगळीकडे दाट खरखर. मग डोळे मिटून दहा सेकंद शांत बसायचं, मागच्या दोन चॅनलवर ८ ते १३ हर्ट्झच्या अल्फा लहरी वर येतात आणि डोळे उघडले की बसतात. हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये जर्मनीत माणसाच्या मेंदूची पहिली नोंद घेतली, १९२९ मध्ये ती छापली, आणि डोळे मिटल्यावरच्या याच लहरींना अल्फा हे नाव दिलं. आजीच्या डोक्यावर, ७ नंबरच्या खुणेवर, त्या पहिल्यांदा स्वच्छ दिसल्या तेव्हा ती डोळे मिटूनच विचारत होती, "आता उघडू का रे?"