विलायती वाखंडीचा वेल मुळासकट कसा काढायचा

तापीकाठच्या नाल्यांत बाभूळ, हिवर, बोरीवर चढून त्यांचं ऊन अडवणारी ही मादागास्करची वेल. आधी ओळख पक्की करा: पानं समोरासमोर, जाड, चकचकीत, फुलं जांभळट पांढरी, नरसाळ्यासारखी, शेंगा जोडीने, तीन कडांच्या, बोटापेक्षा लांब. आपली हरणदोडी वेगळी आहे. तिची फुलं बारीक, हिरवट, झुबक्यात येतात. तिला हात लावू नका.

काम पहिल्या दोन पावसांनंतर करा, जमीन मऊ असते. रोपं हाताने उपटा. जुन्या वेलीचं खोड आधी कमरेएवढ्या उंचीवर तोडा. वरचा भाग ओढू नका, झाडाच्या फांद्या मोडतात. तो वरच वाळू द्या. मग टिकावाने वीतभर खोल खणा आणि खोड जिथे जाड होऊन मुळांना मिळतं, त्या गाठीच्या खालून तोडा. नुसतं जमिनीलगत कापलं तर त्याच गाठीतून नवे कोंब फुटतात. बहुतेकांची मेहनत इथेच वाया जाते.

शेंगा हिरव्या असतानाच पोत्यात गोळा करून खड्ड्यात जाळा. तडकल्या की शेकडो बिया रेशमी तंतूंवर वाऱ्याने पसरतात.

चीक विषारी आहे: हातमोजे, चष्मा हवाच. वेल कापली त्या जागी शेळ्या-गुरं फिरकू देऊ नका, सुकलेला पालाही घातक. जमीन वनखात्याची असेल तर आधी परवानगी घ्या. दिवाळीच्या सुमारास आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा फेरी मारून नवी रोपं उपटा.