बिझनेस स्कूलचं पहिलं वर्ष: ७२ मार्क पडले आणि ग्रेड आली सी

मी गोव्यातल्या डिचोलीचा, बीकॉमला कायम वर्गात पहिल्या पाचात, त्यामुळे एमबीएला गेल्यावर अकाऊंट्स तरी आपल्या हातचं असं धरून चाललो होतो. चवथीच्या आदल्या दिवशी घरी गणपतीच्या वर टांगायची फळांची माटोळी बांधत होतो, हातात कवंडळं, आणि मोबाइलवर मिड-टर्मचे मार्क आले. ७२. खाली वर्गाची सरासरी, ७९. आई विचारतेय काय झालं रे, मी म्हटलं काही नाही, आणि चवथीचे सगळे दिवस कुणाशी धड बोललो नाही. टर्म संपली तेव्हा त्या विषयात सी. आणि फायनान्समध्ये, जिथे मला फक्त ४१ होते, तिथे बी प्लस!

याला रिलेटिव्ह ग्रेडिंग म्हणतात, हे कुणीतरी पहिल्याच आठवड्यात नीट समजावलं असतं तर माझी बरीच झोप वाचली असती. तुमचे मार्क किती यापेक्षा तुम्ही सरासरीपासून किती लांब हे बघतात. सरासरी ७९ आणि स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे वर्गाचे मार्क सरासरीभोवती साधारण किती पसरलेत ते माप, ७ असेल तर ७२ म्हणजे एक पायरी खाली, सरासरी ३३ आणि डेव्हिएशन ८ असेल तर ४१ म्हणजे एक पायरी वर. सगळीकडे असंच असतं असं नाही, म्हणून कोर्स आउटलाइन पहिल्या दिवशीच वाचा, क्विझला किती, वर्गात बोलण्याला किती, प्रोजेक्टला किती वेटेज आणि चुकलेली क्विझ परत देतात की नाही.

क्रेडिटचंही, म्हणजे एकूण ग्रेडमध्ये कुठल्या विषयाला किती वजन त्याचंही, गणित करा. ३ क्रेडिटच्या विषयात ५ पॉइंट आणि दीड क्रेडिटच्या विषयात ९, तर सरासरी ७ नाही येत, ६.३३ येते. मी दीड क्रेडिटवाल्यावर रात्री जागवल्या आणि मोठा विषय राहिला.

पेपर मात्र बघायला जाच, लाज वाटली तरी जा. मी एनपीव्हीचं, म्हणजे प्रोजेक्टमधून पुढे येणाऱ्या पैशांची आजची किंमत वजा गुंतवणूक, असं एक गणित पूर्ण बरोबर समजत होतो, आकडेमोड बरोबरच होती, पण मार्केट सर्व्हेवर आधीच खर्च झालेले ४ लाख मी गुंतवणुकीत धरले होते आणि शेवटच्या वर्षी वर्किंग कॅपिटल, म्हणजे रोजच्या व्यवहारात अडकलेला पैसा, परत आलेलं दाखवलंच नव्हतं. सर म्हणाले, गेलेला पैसा प्रोजेक्ट घेतला तरी गेलेला, नाही घेतला तरी गेलेला, मग तो निर्णयात कशाला? बीकॉमला आम्ही फॉर्म्युला पाठ करायचो, इथे तो कुठे लावायचा नाही हे विचारतात, आणि मार्क नेमके तिथेच जातात.

ग्रुप प्रोजेक्टमध्ये फक्त आपल्या स्लाइड्स करून मोकळे होऊ नका, मला तेच महागात पडलं, कारण व्हायवात दुसऱ्याच्या भागावर प्रश्न आला.

आणि झोप उडाली, जेवण जाईना, मेसमध्ये जायचीही भीती वाटायला लागली तर एकटे खोलीत बसू नका हो. टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फुकट आहे, २४ तास. मी आधी आईला फोन केला, सरासरी, डेव्हिएशन सगळं सांगितलं. ती म्हणाली, म्हणजे सगळ्यांनी चांगलं लिहिलं तरी कुणीतरी खाली राहणारच? हो म्हटलं. मग तिने विचारलं, शनिवारी येतोस ना घरी, आणि मी गेलो.