चिखलदऱ्याच्या दरीत उतरताय? मग या चुका टाळा

गड चढताना दम संपला तर माणूस तिथूनच मागं फिरतो अन् उतारानं घरी येते. दरीत सगळं उलटं आहे, उतार आधी लागते, पाय ताजे असतात, गप्पा मारत मारत कधी तळाला गेलो समजत नाही आणि खरी चढण सुरू होते तेव्हा डोक्यावर ऊन अन् मांड्या भरून आलेल्या. बहुतेक ग्रुप इथंच फसतात.

म्हणून आधी घड्याळ पाहा. चढायला उतरण्याच्या दुप्पट वेळ धरायचा, म्हणजे हातात सहा तास असतील तर दोन तासांनी, जिथं असाल तिथून परत, खालचा डोह समोर दिसत असला तरी. पाण्याचंही तसंच, तिसरा हिस्सा संपला की वर तोंड करायचं. हिवाळ्यात सूर्य सहाच्या आत बुडते, दरीत अंधार त्याच्याही आधी, आणि मेळघाटात अस्वलं आहेत राजेहो. वनखात्याची परवानगी अन् गावातला वाटाड्या, दोन्ही नसेल तर उतरूच नका.

दुसरी चूक म्हणजे वरच्या गार हवेवर भरवसा. चिखलदरा 1,100 मीटरच्या आसपास, तिथून खाली उतरताना दर 1,000 मीटरला साधारण साडेसहा अंश या हिशेबानं तापमान वाढत जाते, वरून काळा दगड तापलेला. एप्रिल-मे मधे तर नावच काढू नका. पावसाळ्यात नाल्यात बसून डबा खाऊ नका, वर कुठं पाऊस झाला की खाली लोंढा येते.

नुसतं पाणी ढोसत राहणंही चूकच, घामासोबत मीठ जाते, ते भरलं नाही तर मळमळ, डोकेदुखी सुरू. ओआरएस घ्या, पण मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असते, पोरं अर्ध्या लिटरच्या बाटलीत अख्खं ओततात, तसं करू नका. सोबत खारे फल्लीदाणे, भाकर, गूळ ठेवा.

नखं आदल्या दिवशी कापा. उतरताना अंगठा बुटाला ठोकत असेल तर थांबून घोट्याजवळची लेस घट्ट करा, पाय पुढं सरकत नाही. पोटऱ्यात गोळा आला तर सावलीत बसून हळू ताणा.

आणि कोणी बरळायला लागला, तोल जायला लागला तर त्याला चालवू नका. सावलीत झोपवा, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओतून दुपट्ट्यानं वारा घाला, शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाणी घालू नका, आणि एकाला त्याच्याजवळ ठेवून दोघांनी रेंज मिळेल तिथून 108 ला फोन करा.