धोबीपछाड ज्युदोच्या मॅटवर कशी आणावी

2014 साली गोव्यात लुसोफोनिया, म्हणजे पोर्तुगीजभाषक देशांच्या, क्रीडास्पर्धा झाल्या, तेव्हा मी पहिल्यांदा समोर बसून ज्युदो पाहिला. एका खेळाडूने समोरच्याचा हात खांद्यावर घेतला, गर्रकन वळला आणि त्याला पाठीवर आणलं. माझ्या तोंडून निघालं, "अरे, ही तर धोबीपछाड!" कोल्हापूरच्या तालमीतली काही वर्षं अंगात होती, म्हणून डोळ्यांनी डाव लगेच ओळखला. ज्युदोत त्याला इप्पोन सेओई नागे म्हणतात. पुढे पेडण्यात ज्युदो शिकायला लागलो आणि हातखंडा असलेला हाच डाव पहिल्या दिवशी फसला.

डाव बदलला नव्हता, त्याचा आधार बदलला होता. हे मोठमोठ्या मल्लांनाही चुकलेलं नाही. खाशाबा जाधव मातीत वाढले आणि 1948च्या लंडन ऑलिंपिकमध्ये मॅटवर उतरून सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक मिळवलं.

सरावाला लागण्याआधी आपल्या डावाला तीन प्रश्न विचारा: पकड कशाला आहे, जिंकणं कशाने ठरतं आणि पडणारा कसा पडतो? धोबीपछाडीची तिन्ही उत्तरं ज्युदोत वेगळी येतात.

सुरुवात शेवटच्या प्रश्नापासून करा, कारण दुखापत तिथेच होते. कुस्तीत पाठ टेकली की हार, म्हणून पैलवान हवेतच अंग वळवून पोटावर पडतो, नाहीतर मानेवर पूल करून, म्हणजे डोकं आणि पाय टेकवून पाठ कमानीसारखी उचलून, खांदे वाचवतो. ज्युदोत ही सवय मोडावी लागते. पूल करून पडलात तर ती पाठच टेकली असं धरून पंच इप्पोन, म्हणजे लढत संपवणारा पूर्ण गुण, देतात, आणि मानेवर भार येतो तो वेगळाच. म्हणून पहिले काही आठवडे फक्त पडायला शिका. हनुवटी छातीशी, श्वास बाहेर, आणि पाठ टेकते त्याच क्षणी पसरलेल्या हाताने मॅटवर थाप. हे अंगवळणी पडेपर्यंत कोणाला फेकू नका आणि कोणाकडून फेकून घेऊ नका.

मग पकड. तालमीत अंगावर लंगोट असतो, घामाने आणि मातीने हात निसटतो, म्हणून आपण मनगट आणि दंड दोन्ही हातांनी आवळतो. ज्युदोत जाड जाकीट आहे. उजव्या बाजूने डाव मारायचा तर डाव्या हाताने समोरच्याची उजवी बाही कोपराजवळ धरा. उजवा हात त्याच्या काखेखालून घाला आणि त्याचा दंड आपल्या कोपराच्या बेचक्यात दाबा. एक गोष्ट जिवापाड जपा: आपला खांदा त्याच्या काखेत गेला पाहिजे, कोपराखाली नाही. हात उताणा होऊन कोपर खांद्यावर आलं तर त्याचा सांधा उलटा वाकतो. तसं फेकणं ज्युदोत निषिद्ध आहे, आणि आपल्या जोडीदारावर ते कोणत्याच खेळात करू नये.

तोल काढणं हा खरा अवघड भाग, मला त्याला सहा महिने लागले. कुस्तीत समोरचा वाकलेला असतो, डोकं पुढे घालून रेटतो, म्हणजे त्याचा भार तो स्वतःच आपल्या खांद्यावर आणून देतो. ज्युदोत तो ताठ उभा असतो. सवयीने सरळ आत शिरलात तर भिंतीला पाठ लावल्यासारखं होतं. आधी बाही पुढे आणि वर ओढा, घड्याळ बघताना मनगट वर येतं तशी. तो चवड्यांवर आला की उजवं पाऊल त्याच्या उजव्या पावलासमोर टाका, वळा, डावं पाऊल मागे घ्या आणि गुडघे इतके वाकवा की आपली कंबर त्याच्या पट्ट्याखाली जाईल. मग गुडघे सरळ करत डावीकडे वळा. उचलायचं काम पायांचं आहे, कमरेचं नाही. आधी नुसतं आत शिरण्याचा सराव करा, फेकू नका. रोज पन्नास वेळा पुरे.

फेकताना बाही सोडू नका. आपण पैलवान हात सोडून अंगावर झेपावतो, कारण खांदे टेकवायचे बाकी असतात. ज्युदोत जोर, वेग आणि ताबा ठेवून पाठीवर आणलं की लढत तिथेच संपते. शिवाय बाही वर ओढून धरली की पडणाऱ्याचं डोकं आपटत नाही.

डाव फसला तर? कुस्तीत पालथं पडून राहिलं की बराच वेळ निभावतं. ज्युदोत मागून कॉलर गळ्याला लागते. त्यामुळे फसल्याबरोबर समोर वळा किंवा उठा, आणि गळा आवळला गेलाच तर वेळेवर दोनदा थोपटा.

फसलेल्या धोबीपछाडीवरून पटात, म्हणजे समोरच्याचे पाय धरायला, जायची खोड असेल तर ती आताच मोडा. आंतरराष्ट्रीय ज्युदोत उभ्याने हातांनी पाय धरणं 2013पासून बंद आहे.

आमच्याकडे केरीच्या किनाऱ्यावर पोरं हौसेने सराव करतात. पडण्यासाठी कोरडी वाळू चांगली. पण वळण्याचा सराव तिच्यावर नको, पाऊल रुततं आणि गुडघा पिळतो. पाण्याजवळची ओली वाळू जमिनीइतकी कडक असते, तिथे कोणाला फेकू नये. आणि पावसाळ्यात जाकीट दोन ठेवा. आमच्या हवेत एक वाळेपर्यंत तीन दिवस जातात, आणि ओल्या जाड कापडाने मान सोलवटते.

महिन्यातून एकदा तरी तालमीत जाऊन तोच डाव जाकिटाशिवाय मारा. पहिल्या दोन वेळा बोटं बाही शोधत राहतील. मग मनगट धरायचं आपसूक आठवतं.